ग्रंथालय व माहितीशास्त्रातली विद्वत्चर्चा आणि विचारसरणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथालय व माहितीशास्त्राचे विद्यार्थी, संशोधक आणि काम करणारे ग्रंथपाल या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे. काही दोन-चार ओळींत आटोपली आहेत.

विचारसरणी म्हणजे इथे पक्षीय राजकारण अभिप्रेत आहे का?

नाही. ग्रंथपाल मत कुणाला देतो याच्याशी या पानाला कर्तव्य नाही. कोणत्याही विद्याशाखेत काही विधानं सिद्ध करावी लागतात आणि काही सिद्ध न करताच चालून जातात. 'माहिती मिळाली की माणूस चांगला निर्णय घेतो', 'वाचकाची गरज मोजता येते', 'ग्रंथालय सर्वांसाठी खुलं असतं' ही वाक्यं निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात येतात. त्यांना संदर्भ जोडावा लागत नाही आणि समीक्षक तिथे थांबत नाही. या दुसऱ्या गटाला इथे विचारसरणी म्हटलं आहे. ती विधानं खोटी असतीलच असं नाही. पण कोणता प्रश्न संशोधनाचा आणि कोणता 'आपल्या विषयाबाहेरचा', हे त्यांच्यामुळे आधीच ठरून जातं.

वर्गीकरण हे तर तांत्रिक काम. त्यात विचारसरणी कुठून आली?

मेल्विल ड्युई यांची, पुस्तकांना विषयानुसार आकडी क्रमांक देणारी दशांश पद्धत 1876 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या 200 या वर्गात 220 ते 280 हे सगळे विभाग बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांना मिळाले, तर जगातले उरलेले सारे धर्म 290 मध्ये बसवले गेले. मुद्दा केवळ मानापमानाचा नाही, त्याचे परिणाम रोजच्या कामात दिसतात. ख्रिस्ती धर्मातल्या एखाद्या विषयाला तीन आकड्यांत जागा मिळते. इस्लाम किंवा हिंदू धर्मातल्या तितक्याच महत्त्वाच्या विषयाला दशांश चिन्हानंतर आकड्यांची शेपटी लावावी लागते. क्रमांक लांबला की पुस्तकाच्या पाठीवर मावत नाही, मग तो कापला जातो आणि वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं एकाच क्रमांकाखाली गोळा होतात. धर्माविषयीची एक समजूत अशी थेट फडताळावरच्या गर्दीत उतरते.

यावर ठरलेलं उत्तर असतं ते साहित्याधाराचं: ज्या विषयावर पुस्तकं आहेत त्यालाच जागा द्यायची. विंडहॅम ह्यूम यांनी हे तत्त्व 1911 मध्ये मांडलं, आणि ते वाजवीही आहे. पण कुठल्या ग्रंथसंग्रहातली पुस्तकं मोजायची? ड्युईंसमोर अमेरिकेतल्या एका कॉलेजचा संग्रह होता. त्या संग्रहात जे विकत घेतलं गेलं होतं त्यावरून विषयांचं आकारमान ठरलं, आणि पुढच्या ग्रंथालयांनी त्या आकारमानाबरहुकूम खरेदीचे विभाग पाडले. तत्त्व निःपक्षपाती, मात्र त्यात जाणारा कच्चा माल आधीच निवडलेला.

सुधारणा अशक्य आहे असं नाही. युनिव्हर्सल डेसिमल या दुसऱ्या वर्गीकरण पद्धतीने आपला धर्माचा वर्ग 2000 मध्ये मुळापासून नव्याने मांडला, आणि ड्युईतही पर्यायी मांडणीची सोय दिलेली आहे. अडचण येते ती लाखो पुस्तकांची लेबलं बदलण्याच्या खर्चाची. त्यामुळे जुनी समजूत कुणालाही पटत नसतानासुद्धा टिकून राहते.

सोव्हिएत किंवा चिनी वर्गीकरण याहून जास्त वैचारिक नव्हतं का?

उघडपणे होतं. सोव्हिएत ग्रंथालय-ग्रंथसूची पद्धतीचा पहिला वर्ग मार्क्सवाद-लेनिनवादाचा होता. चिनी ग्रंथालय वर्गीकरणात आजही पहिल्या वर्गात मार्क्स, लेनिन, माओ आणि देंग यांचे विचार आहेत. पाठ्यपुस्तकांत 'वैचारिक वर्गीकरण' म्हणून हीच दोन उदाहरणं सांगितली जातात आणि ड्युई 'व्यावहारिक' या प्रकरणात जातात. उदाहरणांची ही वाटणी मला संशयास्पद वाटते. सोव्हिएत तक्त्याची भूमिका पहिल्याच ओळीत लिहिलेली आहे, ड्युईंची भूमिका आकड्यांच्या हिशेबात विरघळलेली आहे. पहिलीवर बोट ठेवायला काहीच कष्ट नाहीत. अर्थात फरक दुसऱ्या बाजूनेही आहे: ड्युईंवर टीका करणारा निबंध छापून येऊ शकला. सोव्हिएत व्यवस्थेत 1920 च्या दशकात लेनिन यांच्या पत्नी क्रुप्स्काया यांच्या राजकीय-शिक्षण विभागाच्या परिपत्रकांनुसार ग्रंथालयांतून पुस्तकं काढली जात होती, तिथे तशी सोय नव्हती.

मग रंगनाथन? त्यांची पाच सूत्रं तर सर्वमान्य आहेत.

सर्वमान्य आहेत म्हणूनच तपासण्याजोगी आहेत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक होते, आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची ही पाच विधानं शास्त्रातल्या नियमांच्या थाटात मांडली. प्रत्यक्षात 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' किंवा 'वाचकाचा वेळ वाचवा' हे निसर्गनियम नव्हेत, ती मूल्यं आहेत, आणि चांगली मूल्यं आहेत. पण नियमांचा दर्जा मिळाल्यावर त्यांच्याशी वाद घालणारे निबंध फारसे लिहिले गेले नाहीत. नव्या माध्यमासाठी सूत्रं पुन्हा लिहिणारे मात्र ढिगाने सापडतात: 'ग्रंथ'च्या जागी वेबसाइट, मग डेटा, मग आणखी काही. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे चौथं सूत्र पाळण्यासाठी कर्मचाऱ्यांचा किती वेळ खर्ची पडतो, हा प्रश्न त्या परंपरेत क्वचितच विचारला जातो.

रंगनाथनांची आध्यात्मिक बैठक त्यांच्या कोलन या वर्गीकरण पद्धतीत लपलेली नाही. आध्यात्मिक अनुभव आणि गूढवाद यांना त्यांनी स्वतंत्र मुख्य वर्ग दिला, त्याला ग्रीक डेल्टाचं चिन्ह दिलं आणि विज्ञानाच्या गटानंतर, ललित कलांच्या आधी बसवलं. हा अपघात म्हणता येणार नाही. ज्ञानाच्या क्रमात अनुभवाला कुठे बसवायचं याविषयीची ती भूमिका आहे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांनी त्यांचं पैलू-विश्लेषण (विषयाचे पैलू सुटे करून त्यांवरून क्रमांक बांधण्याचं तंत्र) उचललं आणि हा वर्ग बहुधा वगळला. तंत्र तेवढं घ्यायचं आणि भूमिका मागे ठेवायची, ही निवडही तपासण्याजोगी आहे.

हे सगळं जुनं झालं. आता असं कुठे होतं?

सॅनफर्ड बर्मन यांनी 1971 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांवर (पुस्तक शोधता यावं म्हणून नोंदीत दिलेली विषयांची ठरावीक नावं) सविस्तर टीका प्रसिद्ध केली. स्त्रिया, कृष्णवर्णीय, ज्यू आणि आशियाई यांच्याविषयीची शीर्षकं कुणाच्या नजरेतून लिहिली आहेत, हे त्यांनी एकेक शीर्षक घेऊन दाखवलं. त्यांतली बरीच पुढे बदलली, आणि काहींना दशकं लागली. डार्टमथ कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनी 2014 मध्ये 'इल्लीगल एलियन्स' (बेकायदा परके) या शीर्षकावर आक्षेप घेतला. लायब्ररीने 2016 मध्ये बदल जाहीर केला, त्याला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातून विरोध झाला, आणि बदल अडकला. अखेर नोव्हेंबर 2021 मध्ये 'नॉनसिटिझन्स' आणि 'इल्लीगल इमिग्रेशन' या दोन शीर्षकांचा पर्याय जाहीर झाला.

या प्रकरणात मला एक गोष्ट लक्षणीय वाटते. शीर्षक टिकवा म्हणणाऱ्यांनी कायद्यातल्या शब्दप्रयोगाचा आधार घेतला, बदला म्हणणाऱ्यांनी त्या समाजाच्या स्वतःविषयीच्या शब्दांचा. तालिकीकरणाच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या, सिद्धांतात हे दोन्ही आधार वैध मानले जातात. कोणता आधार कधी वरचढ, हे सिद्धांत सांगत नाही. तिथे निर्णय सत्तेने होतो, आणि नंतर त्याला तांत्रिक भाषेत लिहिलं जातं.

वेगळी वाट काढणारेही आहेत. कॅनडात 1970 च्या दशकात ब्रायन डीअर या मोहॉक ग्रंथपालांनी मूलनिवासी समाजांच्या साहित्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केलं. त्यात समाजांचा क्रम वर्णानुक्रमाऐवजी त्यांच्या परस्परसंबंधांवर आणि भौगोलिक शेजारावर ठरतो. ते छोट्या संग्रहांसाठीच आहे, ही त्याची मर्यादा सांगितली जाते. सार्वत्रिक असणं हा गुण आणि स्थानिक असणं ही मर्यादा, हेही आधी ठरवलेलंच.

ग्रंथालयाची तटस्थता ही विचारसरणी मानायची का?

या पानावरचा सगळ्यात भांडणाचा प्रश्न हा आहे.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने ग्रंथालय हक्कांची सनद 1939 मध्ये स्वीकारली. लेखकाचा वंश, राष्ट्रीयत्व किंवा मतं पाहून पुस्तक निवडू वा नाकारू नये, असं तिने सांगितलं. वाचकाला वंशावरून ग्रंथालयाचा वापर नाकारू नये हे कलम तिच्यात यायला 1961 उजाडलं. मधली 22 वर्षं बौद्धिक स्वातंत्र्यावरची चर्चा जोमात होती: सेन्सॉरशिप, निवडीचे निकष, वादग्रस्त कादंबऱ्या. दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र कृष्णवर्णीय माणसाला मुख्य ग्रंथालयाच्या दारातून आत येता येत नव्हतं. राइस एस्टेस यांनी डिसेंबर 1960 मध्ये 'लायब्ररी जर्नल'मध्ये व्यवसायाच्या या मौनावर लिहिलं. मार्च 1961 मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात टुगालू कॉलेजचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या ग्रंथालयात जाऊन वाचत बसले आणि त्यांना अटक झाली. असोसिएशनने याबद्दल औपचारिक माफी मागितली ती 2018 मध्ये.

त्या काळातल्या विद्वानांना दुष्ट ठरवण्यात अर्थ नाही. त्यांच्या चर्चेत तटस्थतेचा विषय पुस्तक हा होता. वाचक कोण आणि तो दारापर्यंत पोहोचतो का, हा 'स्थानिक कायद्याचा' प्रश्न म्हणून बाजूला पडला. विचारसरणीचा याहून नेमका नमुना शोधूनही सापडणार नाही, कारण इथे कुणी खोटं बोललेलं नाही.

पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 1969 मध्ये, असोसिएशनमध्ये सामाजिक जबाबदारीचा गट उभा राहिला. डेव्हिड बर्निंगहाउसेन यांनी 1972 मध्ये त्याला उत्तर दिलं: संघटनेने युद्ध, पर्यावरण अशा विषयांवर भूमिका घेतल्या तर सर्व मतांना जागा देण्याचं तिचं मूळ काम धोक्यात येईल. त्यावर वाद पेटला. तोच वाद 2018 च्या असोसिएशनच्या अधिवेशनात 'ग्रंथालयं तटस्थ असतात का' या जाहीर चर्चेत पुन्हा रंगला, आणि दोन्ही बाजूंचे बरेचसे युक्तिवाद 1972 चेच होते.

माझ्या मते गोंधळ इथे आहे: फडताळावर परस्परविरोधी पुस्तकं ठेवणं आणि संस्थेने कुठल्याच प्रश्नावर न बोलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मी ठामपणे उचलून धरेन. तिच्याशिवाय ग्रंथालयाला अर्थ नाही, आणि तटस्थतेवर तुटून पडणारे काही टीकाकार तिलाही सोडायला निघतात तेव्हा मला त्यांची संगत नको वाटते. दुसरी मात्र प्रत्येक वेळी तपासून घ्यावी लागते, कारण जॅक्सनमध्ये न बोलणं म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याच्या बाजूने उभं राहणं होतं.

संशोधनपद्धतीत विचारसरणी कशी शिरते?

बहुतेक वेळा अभ्यासाचं एकक ठरवताना. बर्ट्रम ब्रुक्स यांनी 1980 मध्ये माहितीशास्त्राचं 'मूलभूत समीकरण' मांडलं: व्यक्तीची ज्ञानरचना, तिच्यात माहितीची भर, आणि त्यातून बदललेली ज्ञानरचना. त्याच सुमारास निकोलस बेल्किन यांनी शोध घेणाऱ्याच्या मनातल्या ज्ञानाच्या विसंगत अवस्थेची कल्पना पुढे आणली. या बोधात्मक दृष्टिकोनाने उपयोक्त्याला संशोधनाच्या केंद्रस्थानी आणलं, आणि आधीच्या यंत्रकेंद्री अभ्यासाच्या तुलनेत ती मोठीच प्रगती होती.

बर्न्ड फ्रोमन यांनी 1992 मध्ये या दृष्टिकोनाच्या भाषेचंच विश्लेषण केलं. ज्ञान डोक्यात, गरज डोक्यात, पोकळीही डोक्यात, असं एकदा मांडलं की माहिती कोण तयार करतं, कोण विकतं, कुणाला परवडते, हे प्रश्न सिद्धांताच्या चौकटीत उभेच राहत नाहीत. उरतो तो एकटा उपयोक्ता आणि त्याला माल पुरवणारी व्यवस्था, म्हणजे बाजारातल्या ग्राहकाचंच चित्र.

फ्रोमन थोडे पुढे गेले असं मला वाटतं. बेल्किन यांच्या मांडणीतून शोधप्रणालींची रचना खरोखर सुधारली. गरज नीट सांगता न येणाऱ्या माणसाला मदत कशी करायची, हे त्यातूनच पुढे आलं. निष्कर्ष बरोबर असणं आणि शेजारचा प्रश्न झाकला जाणं, या दोन्ही गोष्टी एकाच निबंधात सुखाने नांदतात. प्रश्नावली वाटणाऱ्या नेहमीच्या उपयोक्ता-सर्वेक्षणांना हीच टीका जास्त लागू पडते. ती ग्रंथालयात आलेल्यांना विचारतात. न आलेला माणूस नमुन्यातच नसतो, आणि निष्कर्षात 'समाधानी उपयोक्ते' भरपूर निघतात.

ग्रंथालयांच्या इतिहासलेखनावर याचा परिणाम झाला का?

झाला. जेसी शेरा आणि सिडनी डिट्झियन यांच्या 1940 च्या दशकातल्या लेखनात सार्वजनिक ग्रंथालय लोकशाहीच्या वाटचालीतून उगवलेलं दिसतं. मायकल हॅरिस यांनी 1973 मध्ये उलट बाजू मांडली: बोस्टनसारख्या शहरांतल्या धनिक मंडळींनी स्थलांतरितांना वळण लावण्यासाठी ही संस्था उभारली. त्यालाही उत्तरं आली, कारण संस्थापकांचा हेतू एक असला तरी वाचकांनी ग्रंथालयाचं काय केलं हे त्यावरून ठरत नाही. पुढचे इतिहासकार देणगीदारांच्या भाषणांऐवजी वाचकांच्या नोंदींकडे वळले, आणि मला तो मार्ग जास्त विश्वासार्ह वाटतो.

इम्पॅक्ट फॅक्टरचा या विषयाशी काय संबंध?

फार जवळचा, कारण नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती अवतरणं मिळतात हे सांगणारं हे मोजमाप याच विद्याशाखेच्या अंगणात जन्मलं. यूजीन गारफिल्ड यांनी अवतरण-सूचीची, म्हणजे कोणत्या लेखाचा उल्लेख पुढे कोणी केला याच्या सूचीची, कल्पना 1955 मध्ये मांडली, 1960 च्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स निघू लागला. संशोधनाचा शोध घेण्यासाठी आणि ग्रंथालयांनी नियतकालिकं निवडावीत यासाठी बनवलेलं साधन पुढे माणसांची बढती ठरवू लागलं.

परिणामी माहितीशास्त्रज्ञ चमत्कारिक जागी उभा आहे. मोजपट्टी तोच घडवतो, तिच्या दोषांवर निबंध तोच लिहितो, आणि तो निबंध कुठे छापायचा हे त्याच मोजपट्टीवरून ठरवतो. मोठ्या सूचींमध्ये इंग्रजी नियतकालिकांचं पारडं जड आहे. म्हणून ज्या विषयाचे वाचक स्थानिक भाषेत आहेत त्यावरही इंग्रजीत आणि परक्या समीक्षकाला 'रस वाटेल' असं लिहावं लागतं. संशोधनाच्या मोजमापाविषयीच्या लायडन जाहीरनाम्याने 2015 मध्ये स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्या असं स्पष्ट म्हटलं. ब्राझीलमध्ये 1990 च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या सायेलो प्रकल्पाने स्पॅनिश आणि पोर्तुगीज नियतकालिकांसाठी खुला मार्ग काढला, तो यापेक्षा ठोस वाटतो.

निधी कुठून येतो यावरून चर्चा बदलते का?

बदलते. शिकागो विद्यापीठातली पदव्युत्तर ग्रंथालय शाळा कार्नेगी निधीतून उभी राहिली, आणि तिथे पियर्स बटलर यांनी 1933 मध्ये ग्रंथालयशास्त्राला सामाजिक शास्त्राच्या पद्धतींची दीक्षा दिली. नंतर निधी 'माहिती'च्या नावाने येऊ लागला. कोलंबिया विद्यापीठातली, ड्युईंनी स्थापन केलेल्या परंपरेतली ग्रंथालय शाळा 1992 मध्ये बंद झाली, आणि इतर अनेक विभागांनी नावातून 'ग्रंथालय' गाळलं. नाव बदललं की नेमणुका बदलतात, नेमणुका बदलल्या की प्रबंधांचे विषय बदलतात. बालवाचनावर काम करणाऱ्याला मार्गदर्शक मिळणं अवघड होतं, डेटावर काम करणाऱ्याला सोपं.

स्त्रीवादी किंवा मार्क्सवादी टीका हीसुद्धा विचारसरणीच नाही का?

आहे, आणि तिला तीच कसोटी लावायला हवी. टीकाकार गटांतही काही विधानं पुराव्याविना चालू लागली आहेत. फोबाझी एटार यांनी 2018 मध्ये दाखवलं की ग्रंथपालनाला पवित्र कार्य मानल्यामुळे कमी पगार आणि अतिकाम यांवर बोलणंच पाप ठरतं. कल्पना धारदार आहे. पण आता अनेक निबंधांत ती निष्कर्ष म्हणून उद्धृत होते, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी ती कितपत लागू पडते हे न पाहता. टीकेची पोथी झाली की तीही पोथीच.

म्हणजे सगळंच सापेक्ष?

नाही. एखादा क्रमांक चुकीचा असतो, एखादं सर्वेक्षण सदोष असतं, आणि ते दाखवून देता येतं. समलैंगिकतेवरची पुस्तकं एकेकाळी विकृत मानसशास्त्राच्या विभागात ठेवली जात, ती मांडणी केवळ फॅशन बदलली म्हणून गेली नाही. तिचा आधारच टिकला नाही.

निबंध वाचताना हे ओळखायचं कसं?

आधी शिफारशी वाचा, मग निष्कर्ष. 'अधिक प्रशिक्षण द्यावे', 'जागरूकता वाढवावी' अशा शिफारशी कुठल्याही निष्कर्षाखाली चिकटवता येत असतील, तर त्या आधीच ठरलेल्या होत्या. नंतर कर्ता शोधा: 'अंदाजपत्रक कमी झाले', 'सेवा बंद करण्यात आल्या' अशा वाक्यांत निर्णय घेणारा कोण आहे? नियतकालिकांच्या दरवाढीला हवामानासारखं 'आव्हान' म्हटलं असेल, तर प्रकाशकाचं नाव निबंधात येतं का ते पाहा. संदर्भसूचीत एकमेकांनाच उद्धृत करणारा गट दिसला तर त्या गटाबाहेरचा एक विरोधक शोधून वाचा. आणि नमुन्यात कोण येऊच शकत नव्हतं, हे स्वतःला विचारा.

या विषयावर प्रबंध करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

विषय लहान घ्या. 'ग्रंथालयशास्त्रातली विचारसरणी' हा प्रबंधाचा विषय होत नाही. एका नियतकालिकाची वीस वर्षांची संपादकीयं, किंवा वर्गीकरणाच्या एकाच विभागाच्या सलग आवृत्त्या, किंवा अभ्यासक्रम बदलताना झालेल्या बैठकांची इतिवृत्तं, एवढी सामग्री पुरते. जुन्या आवृत्त्या ग्रंथालयं रद्दीत काढतात, त्यामुळे आधी त्या कुठे शिल्लक आहेत याची खात्री करा आणि छायाप्रती घेऊन ठेवा.

मार्गदर्शक बहुधा विचारतील, 'प्रश्नावली कुठे आहे?' त्यांना सांगा की मजकूर हाच तुमचा डेटा आहे, आणि एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत काय हललं, काय गळलं, कुठली सूचना नव्याने आली याची संकेतांकन-सारणी पहिल्या भेटीतच पुढे ठेवा. सारणी पाहिल्यावर बरेच मार्गदर्शक तयार होतात. नाहीच झाले, तर त्याच विभागात काम करणाऱ्या तालिकीकारांच्या मुलाखती जोडा. जुना क्रमांक त्यांनी का ठेवला आणि नवा का घेतला, हे तुम्हाला छापील सूचनांत मिळणार नाही.